दौतीतला शेवटचा थेंब

फार वर्षांपूर्वी यमुनाबाईंच्या मेजावर एक टाक राहत होता. शेजारी दौत होती. तिच्यातली शाई बाईंच्या दिवंगत वडिलांनी घोटलेली, पुन्हा न मिळणारी. बाई रोज सकाळी दौत उघडत, चिठ्ठ्यांच्या डब्यातली एक चिठ्ठी उचलत आणि तिच्यावर लिहिलेल्या वस्तूचे चित्र हौसेने काढायला बसत.

कधी निघे केरसुणी, कधी चप्पल. टाक फुरंगटून बसे. "असल्या फुटकळ वस्तू मी काढायच्या?" रेघ उमटत नसे. बाई हिरमुसून उठत.

"अरे, मी रोज थोडी वाळतेय रे," दौत म्हणायची.

एके दिवशी चिठ्ठी निघाली, 'राजवाडा'. टाक आनंदाने दौतीत उतरला. तळाशी जेमतेम एक थेंब होता.

"एवढ्यात राजवाडा कसा व्हायचा?" त्याने विचारले.

"केरसुणी झाली असती," दौत म्हणाली.