हिरव्या गवतावरचा उंबर

एकदा एक शिष्य इतका दमला, की भर प्रवचनात घोरू लागला. मंडळी दचकली. वृद्ध गुरू मात्र प्रसन्न झाले. म्हणाले, "राहू द्या. इतकी वर्षं मनःशांतीवर बोलतोय, एकाला तरी ती मिळाली."

मंडळी पांगल्यावर त्यांनी त्याला हलवले. "काय रे, रात्री चोऱ्या करतोस काय?"

"नाही बाबा. दिवसा खाट ओढतो."

शिष्याच्या वडिलांचे, अण्णांचे, पाय गेले होते. घरावर पत्रा, वैशाखात आत भाकरी भाजून निघावी. म्हणून अण्णांची खाट मागच्या परसात. सकाळी तिथे भिंतीची सावली असे, ती सरकेल तशी शिष्य खाट ओढी. दुपार कलली की तीही घराला वळसा घालून पुढच्या रस्त्यावर जाई, आणि रस्त्यावर झोपायला अण्णा तयार नसत, लोक बघतात म्हणून. मग शिष्य गोणपाट धरून उभा. जरा हात खाली आला की अण्णा ओरडत, "अरे, पाय भाजले!" पाय चालायला नाहीत, भाजायला बरोबर हजर.

"पण आता सुटलो," शिष्य म्हणाला. "खाटेजवळच उंबर लावलाय. जागा अशी, की ऐन उन्हाळ्यात गवत हिरवंगार!"

गुरूंनी वहाणा घातल्या.

परसात येऊन त्यांनी ते गवत पाहिले, शेजारचा नवा संडास पाहिला, आणि हळदकुंकू वाहिलेले रोप मुळासकट अलगद उपटले.

शिष्य रोपाकडे धावला. "बाबा! दत्ताचं झाड हो ते!"

"याला गुरू केलंस?" खाटेवरून अण्णा म्हणाले. "त्यापेक्षा पलीकडच्या गावचा बरा होता."

"तोही झोपवतोच," गुरू म्हणाले आणि शिष्याकडे वळले. "हे गवत हिरवं का, विचारलंस कधी? जमिनीचं पुण्य नाही ते, तुमचंच आहे. संडासाच्या टाकीतलं पाणी या गवताखालच्या भोकांच्या पाइपांतून मुरतं. उंबर पाण्याच्या मागावर असतो. त्याची मुळं भोकांतून शिरतील, आत जटा वाढवतील, आणि पाणी उलटं भांड्यात येईल. तेव्हा झाड तोडशील? उंबराला कुऱ्हाड लावणारा या गावात आहे कोण? तूच आधी हात जोडशील. झाड राहील, संडास जाईल. मग ज्याच्यासाठी तो बांधलास, त्याला पाठीवर घेऊन ओढ्याला जा."

शिष्याने खाटेकडे पाहिले. "मग काय करू? जवळ एवढीच जागा आहे."

गुरूंनी कोपऱ्यातला लांबलचक बांबू त्याच्या हाती दिला. "पश्चिमेच्या बांधावर जा. उभा धर."

"तिथं? तिथून काय उपयोग?"

"गोणपाट धरतोस ना? तसाच हा धर."

उन्हे कलत गेली. बांबूची बोटभर सावली परसातून सरपटत आली, गवत ओलांडून खाटेवर चढली.

"पोचली रे!" अण्णा ओरडले. "अंगठा गार पडला!"

"सावली लांबूनही येते," गुरू म्हणाले. "मुळं मात्र लांबच हवीत. कडुनिंब तिथं लाव. झाड जेवढं उंच व्हायचं, निदान तेवढं या पाइपांपासून दूर. इथं गवतच राहू दे. आणि हा उंबर मी ओढ्यावर लावतो, पिऊ दे हवं तेवढं."

शिष्य अडखळला. "पण कडुनिंब मोठा होईपर्यंत अण्णा..."

"बोल की," अण्णा म्हणाले. "मी ऐकतोय."

"तोवर मांडव," गुरू हळूच म्हणाले. "हिरवी जागा सोडून चार बांबू, वर जुनं लुगडं. एवढी साधी गोष्ट तुला सुचली नाही, कारण तू दमलास. दमलेला माणूस सगळ्यांत जवळची जागा धरतो, आणि पुढं तीच जागा त्याला दमवते."

दिवस मावळायच्या आत मांडव उभा राहिला. शेवटची गाठ मारून शिष्य खाटेच्या पायाशी टेकला, तो तिथेच लवंडला. गुरूंनी उपदेशासाठी घसा खाकरला.

अण्णांनी ओठांवर बोट ठेवले. "प्रवचन नको. झोपलाय तो आधीच."

गुरूंनी उंबराचे रोप ओल्या फडक्यात गुंडाळले आणि वहाणा हातात घेऊन ते परसाबाहेर पडले.