देवकूचं जामाचं झाड

फार फार वर्षं झाली. करंजबंदराला तेव्हा धक्का नव्हता. गलबतं खाडीच्या तोंडाशी थांबत आणि माणसं गुडघाभर पाण्यातून चालत काठाला येत. त्या काठावर देवकू नावाची बाई राहायची. तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ धाकू. तो खलाशी होऊन दूरदेशी गेला, आणि त्याचं गलबत परत आलं तेव्हा त्यात तो नव्हता.

गलबताचा मालक दाऊद नाखवा तिच्या दारात आला. म्हणाला, "देवकूबाय, धाकू तापानं एका बेटावर राहिलाय. त्यानं या बिया दिल्यात. तिकडच्या जाम नावाच्या फळाच्या आहेत. सुकल्या की मरतात, म्हणून वाटेत माझ्या वाटणीचं पाणी शिंपत आणल्यात."

ओल्या काथ्यात पाच बिया होत्या.

"आणि निरोप?"

"आक्काला म्हणावं, लाव. फळ धरेल तेव्हा मी येईन."

देवकूनं बिया परसात पुरल्या. पण त्या पावसाळ्यात ओढा फुगला, पाणी काठच्या जांभळांच्या बिया घेऊन परसात शिरलं आणि माती उलटीपालटी झाली. पाणी ओसरल्यावर जिकडेतिकडे रोपं उगवली. ती जांभळाची, की धाकूची? शेजारीण म्हणाली, "सगळी जांभळंच गं ती. उपटून टाक आणि भाजी लाव."

देवकूनं एकही उपटलं नाही. वर्षभर ती रोज त्या रोपांपुढे बसायची. पान उन्हाला धरायची, चुरगळून हुंगायची, शिरांवरून बोट फिरवायची. जांभळाचं पान तिच्या ओळखीचं होतं, रुंद आणि गुळगुळीत. एक दिवस कुंपणाकडेला तिला वेगळं रोप दिसलं. पान लांबट, टोकाशी निमुळतं, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी. पाचांतलं तेवढं एकच जगलं होतं. त्याला ओंजळीत धरून ती रडली, आणि तिचे अश्रू पडले तिथली खारी माती गोडी झाली, असं म्हणतात.

सातव्या वर्षी झाडाला फुलं आली. पाकळ्या नावालाच, नुसते पांढरट तंतू, पिसांच्या गोंड्यासारखे. वैशाखात फळं पिकली. फिकट पिवळी, आतून पोकळ, हलवली की बी खुळखुळायची. वास मात्र थेट गुलाबाचा. तो वास वाऱ्याच्या उलट दिशेनं समुद्रावर जायचा आणि वाट चुकलेली गलबतं त्याच्या मागानं खाडीत शिरायची, असं म्हणतात.

धाकू आला नाही.

दर वैशाखात देवकू पहिलं फळ ओच्यात घेऊन पाण्यात उभी राहायची. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखायची. तिचे केस पिकले. नजर अधू झाली, तेव्हा ती पाण्यातल्या पावलांचा आवाज ऐकू लागली.

मग एका वर्षी एक अनोळखी म्हातारा उतरला. लोक त्याला नावगाव विचारायला धावले. देवकूनं हात आडवा धरला. "आधी खाऊ द्या त्याला. मग विचारा."

म्हाताऱ्यानं फळ खाल्लं आणि काठावर येऊन बसला. म्हणाला, "हे फळ मी एका बेटावर खाल्लंय. तुमच्या बोलीचा एक माणूस तिथं राहायचा. तापानं त्याचे पाय गेले होते. इकडे येणारा कुणी भेटला की त्याच्या हातात बिया द्यायचा."

देवकू त्याच्याजवळ सरकली. "आता?"

"तिथल्या जामाच्या झाडाखालीच पुरलंय त्याला, आई."

तिनं विचारलं, "झाडावर फळं होती?"

"होती. खाली सडा पडला होता."

देवकूनं मान हलवली. त्या दिवशी तिचं झाड अवेळी फुललं आणि पांढऱ्या तंतूंनी अख्खं परस झाकून गेलं, असं म्हणतात. पुढच्या वैशाखात मात्र ती पुन्हा फळ घेऊन पाण्यात उभी होती. कुणीतरी म्हणालं, "देवकूबाय, आता कुणासाठी?" ती म्हणाली, "उतरेल त्याच्यासाठी."

देवकू गेली, त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. करंजबंदराला आता धक्का आहे आणि जामाची झाडं दारोदार आहेत. तरी वैशाखातलं पहिलं फळ आजही गावातलं कुणी चाखत नाही. ते होडीतून उतरणाऱ्या पहिल्या परक्या माणसाच्या हातात ठेवतात. आणि तो ते खाऊन संपवेपर्यंत त्याला कुणीही त्याचं नाव विचारत नाही.