टिपकीचा दाणा आणि पाहुणं गवत

एक होता माळ. माळावर होतं लावा पक्ष्याचं पिल्लू. अंगठ्याएवढं. पाठीवर ठिपके. नाव तिचं टिपकी.

माळावर होता एक पवन्या. पवन्या म्हणजे आपलं जुनं गवत. रोज सकाळी टिपकी यायची. पवन्या वाकायचा. टप्! एक दाणा टाकायचा.

एक दिवस पवन्या वाकलाच नाही.

"पवन्याआजोबा, माझा दाणा?"

"कुठला दाणा, बाळ! अंगावर ऊन नाही, पायाशी पाणी नाही. हे पाहुणं गवत आलंय ना, उंचच उंच! ते सरकलं तर देईन."

अगं बाई! आता खायचं काय? टिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गवतदादा, गवतदादा, ऐक ना!
पवन्या दाणा देईना.
तू सरकशील का?"

"ह्यॅ! मी ऐसपैस बसणार. बुरशीमावशी मला पाणी पाजते. तिनं पाणी थांबवलं तर सरकेन. जा!"

बुरशीमावशी कुठं राहते? मातीखाली. शिळ्या भाकरीवर येते ना, तिचीच ही बहीण. पांढरे पांढरे बारीक दोरे. टिपकीनं माती उकरली. खर्र खर्र.

"बुरशीमावशी, बुरशीमावशी, ऐक ना!
पवन्या दाणा देईना.
गवत सरकेना.
तू थांबशील का?"

"का गं थांबू? गवत मला गोड रस देतं. जो देईल गोड, त्याला माझं पाणी! शेळीनं गवत खाल्लं, रस आटला, तर थांबेन. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळीताई, शेळीताई, ऐक ना!
पवन्या दाणा देईना.
गवत सरकेना.
बुरशी थांबेना.
तू गवत खाशील का?"

"में में! शी! कडू आहे ते. बायजाक्कानं वर मीठ शिंपडलं तर खाईन. जा!"

बायजाक्का शेळ्या राखायची. खांद्यावर घोंगडी. कमरेला मिठाची पुरचुंडी.

"बायजाक्का, बायजाक्का, ऐक ना!
पवन्या दाणा देईना.
गवत सरकेना.
बुरशी थांबेना.
शेळी खाईना.
तू मीठ शिंपडशील का?"

"मीठ? आधी माझ्या शेळीची घंटी आण! पडली त्या गवतात. गवत मेलं एवढं दाट, माझा हातसुद्धा जाईना. घंटी मिळाली तर मीठ. जा!"

आता कुणाकडं जायचं? टिपकीनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. कुणीच उरलं नाही!

"मग मीच जाते की!"

"तू?" बायजाक्का हसली. "अगं, तू तर चिमूटभर!"

"म्हणून तर!"

सुर्रर्र! शिरली गवतात. इकडून वाकली, तिकडून वाकली. डोकं आपटलं. किण्ण!

घंटी! घंटी!

टिपकीनं चोचीत घंटीची दोरी धरली. ओढली. ओढली. किणकिण किणकिण. आली बाहेर!

मग काय विचारता!

बायजाक्कानं मीठ शिंपडलं. भुरभुर भुरभुर.
शेळीनं गवत खाल्लं. करम करम.

"शेळीताई, माझ्या आजोबांना तोंड लावायचं नाही हं!"

"में! नाही गं बाई!"

गवत पुन्हा वाढलं. शेळीनं पुन्हा खाल्लं. गवताचा रस आटला.
बुरशी थांबली.
गवत सरकलं.
पवन्यावर ऊन पडलं. लख्ख!

ऊन पडलं, तसा पवन्याच्या मुळात रस आला. मातीखाली बुरशीमावशी म्हणाली, "अगं बाई, गोड गोड कुठनं येतंय?" दोरे वळले. सरसर सरसर. "घे रे पवन्या, पाणी घे!"

गटगट गटगट. पवन्या उठला. हिरवागार झाला. तुरा आला. आणि मग... वाकला...

टप्!

एकच? छे! टप् टप् टप्!

दाणा गेला टिपकीच्या पोटात,
गोष्ट आली बाळाच्या ओठात.