लेकीची लोकर

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर ज्या डोंगरावर आता नुसती कुसळं उगवतात तिथे कमरेएवढं गवत होतं, तेव्हाची. त्या डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं एक गाव होतं. घरोघरी मेंढरं होती, दारोदारी माग होते, आणि तिथली घोंगडी घ्यायला लोक लांबून येत.

पण गावाला खरा अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. मेंढरांची कातरणी झाली की प्रत्येक घर एक मूठ लोकर बाजूला काढायचं. ज्याचं अंगण मेंढरांनी भरलंय त्याची एक मूठ, ज्याच्या दारी दोनच मेंढ्या त्याचीही एकच. तिला म्हणायचे लेकीची लोकर. नवऱ्याच्या माराला कंटाळून एखादी बाई घर सोडून निघाली, तर तिने या गावात यावं, मग ती कुठल्या का गावची असेना. गाव तिला त्या लोकरीची घोंगडी देई.

ती घोंगडी विणायचा मान म्हाकूआबाचा. गावातला सगळ्यांत वडीलधारा आणि सगळ्यांत चांगला विणकर. लेकीची घोंगडी मागावर चढली की आबा कुणाशी बोलत नसे. चिंचोक्याची खळ स्वतः शिजवायचा, काठ पक्के घालायचा. ती घोंगडी खांद्यावर टाकून बाई वेशीबाहेर पडली, की आबा मिशीवरून हात फिरवी आणि म्हणे, "दाखवा असं दुसरं गाव."

आणि खरंच, तसं दुसरं गाव नव्हतं. फक्त वेशीबाहेर पडल्यावर ती बाई जाते कुठे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

एकदा भर दुपारी ठकू नावाची बाई आली. डोंगरापलीकडची. एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला, दुसऱ्या कडेवर तान्ही मुलगी. ओठ फुटलेला. नवऱ्याने सांगितलं होतं, कुठेही गेलीस तरी फरफटत आणीन. तो तसं करणारा माणूस होता, हे तिच्या हाताकडे बघून कळत होतं.

बायकांनी तिला पाणी दिलं, भाकरी दिली. आबा आतून नवीकोरी घोंगडी घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवली.

ठकूने घोंगडीवरून हात फिरवला. म्हणाली, "ओळखीची आहे. असलीच एक आमच्या घरी आहे."

"ती कशी?"

"माझी थोरली जाऊ आली होती की तुमच्याकडे. तुम्ही घोंगडी दिलीत. पण राहायला घर नाही, हाताला काम नाही. नुसती घोंगडी घेऊन किती दिवस हिंडणार? गेली परत. आता ती घोंगडी माझा दीर पांघरतो. जाऊ निजते जमिनीवर."

आबाचा चेहरा पडला. एवढी वर्षं आपण राबलो ते त्या माणसाच्या पांघरुणासाठी, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"मग तुला काय पाहिजे?" त्याने जरा घुश्शातच विचारलं.

"घोंगडी नको, आबा. लोकर द्या. न विणलेली, तशीच."

"आणि तिचं करशील काय?"

"ते आज कसं सांगू? आज एक लागेल, उद्या दुसरं लागेल. घोंगडीची फक्त घोंगडीच होते. लोकर बदलून मला जे लागेल ते घेता येईल."

लोकांत कुजबुज सुरू झाली. हिने विकून खाल्ली म्हणजे? उधळली म्हणजे? आबाही तेच म्हणणार होता. पण लोकर सांभाळायचं काम येसाईकडे होतं. ती एका जागी बसून सगळं ऐकत होती. ती उठली, आत गेली आणि लोकरीचं पोतं ओढत बाहेर घेऊन आली.

"मुठी आम्ही बायकांनी काढल्यात," ती म्हणाली. "घे पोरी."

आबा तोंड फिरवून घरी गेला. त्या दिवशी तो धड जेवलासुद्धा नाही.

ठकूने गावाच्या टोकाला एक पडकं खोपटं मागून घेतलं. थोडी लोकर देऊन वैद्याकडून हात बसवून घेतला. थोडी लोहाराला दिली आणि दाराला जाडजूड कडी करून घेतली. इथवर गावाला पटलं. मग ती बाजारात गेली आणि मोठा वाटा देऊन काय घेऊन आली? तर पानं, सुपारी, कात आणि चुना. सुपारी तर एवढी, की लग्नघरातसुद्धा उरली असती.

झालं. गावाला विषयच मिळाला. "आमच्या लोकरीचे विडे होताहेत," लोक म्हणू लागले. आबाने तर येसाईला भर रस्त्यात सुनावलं, "बघ तुझ्या लेकीचे थाट."

ठकूने खोपटाचा ओटा सारवला, पानाचं तबक मांडलं आणि आल्यागेल्याला म्हणू लागली, "बसा की, पान खा."

गावात म्हातारे काही कमी नव्हते. दिवसभर पारावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची चौकशी करायची, हाच त्यांचा धंदा. एक आला, दोन आले. पाहता पाहता पार ओस पडला आणि ठकूचा ओटा भरला. ती आत बसून सूत कातायची, पोरगी म्हाताऱ्यांच्या मांडीवर खेळायची. आबा बरेच दिवस ताठ्यात राहिला. पण पारावर एकट्याने बसून बोलणार कुणाशी? शेवटी तोही आला. आधी म्हणाला, मी पान खाणार नाही. मग म्हणाला, चुना जरा कमी लाव.

आणि एके दिवशी ठकूचा नवरा आला. बरोबर भाऊ होता. दोघांच्या हातात काठ्या होत्या. ते तरातरा चालत आले, आणि ओट्यापाशी येऊन थबकले. ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पागोटी होती.

"काय पाव्हणं, कुणीकडे?" आबाने विचारलं.

"बायकोला न्यायला आलोय."

"ती येते म्हणाली का?"

ठकू दारात येऊन उभी राहिली. "मी येणार नाही," ती म्हणाली.

नवऱ्याने काठी उचलली आणि पायरीवर पाय ठेवला. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलंही नाही. आबाने फक्त आपली काठी पायरीवर आडवी धरली. बाकीच्यांनी पानं चघळायची थांबवून त्या माणसाकडे पाहिलं.

"हे आमच्या घरातलं आहे," तो म्हणाला. "तुम्ही मध्ये पडू नका."

"तुमचं घर डोंगरापलीकडे," आबा म्हणाला. "हे घर हिचं आहे. आणि आम्ही हिच्या घरचे पाव्हणे. पाव्हण्यांच्या देखत घरधनिणीवर हात टाकायची रीत तुमच्याकडे असेल, इथे नाही."

बायकोवर हात टाकायला त्याला कधी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा बघायला कुणी नसायचं. इथे सगळं गाव बघत होतं. त्याची काठी खाली आली. थोडा वेळ बडबडला, मग भावाला घेऊन आल्या वाटेने गेला. पुन्हा आला नाही.

आबाने काठी पायरीवरून उचलली. मग म्हणाला, "पोरी, पानाचा खर्च एवढ्यासाठी होता होय?"

"कडी केली होती, आबा. पण कडी मोडता येते."

"मग आधी सांगायचंस. आम्ही पाळीपाळीने राखण केली असती."

"केली असतीत," ठकू हसून म्हणाली. "आणि चार दिवसांत कंटाळला असतात. पानाला कोण कंटाळतं?"

ओट्यावर असं हसू उसळलं, की आबाला ठसका लागला. डोळे पुसता पुसता तो म्हणाला, "एवढी वर्षं मी विणत होतो. पण एकीलाही विचारलं नाही की बाई, तुला काय पाहिजे." आणि हे तो सगळ्यांसमोर म्हणाला.

पुढच्या कातरणीला लेकीची लोकर मागावर चढलीच नाही. पोत्यात मोकळी भरून ठेवली. मग बायका येत गेल्या. एकीने शेळी घेतली. एकीने नावाड्याला लोकर दिली आणि नदीपल्याड बहिणीकडे गेली. एकीने माग टाकला. मारणाऱ्याच्या घरी परत जाणं थांबलं. घोंगडी घ्यायला येणारे लोक आता घोंगडीआधी त्या पोत्याची गोष्ट विचारू लागले, आणि सांगताना गावाची मान ताठ होऊ लागली.

एकदा एक अगदी कोवळी पोर आली. पोत्याकडे बघून घाबरत घाबरत म्हणाली, "कशाला पाहिजे, ते सांगावं लागेल का?"

म्हाकूआबाने पोतं उचलून तिच्या हातात दिलं.

"नको," तो म्हणाला. "कमी पडली तर तेवढं सांग."

तात्पर्य : मदत मोकळ्या हाताने द्यावी आणि मोकळीच द्यावी, आपल्याला काय लागतं हे संकटातून निघालेल्या माणसालाच ठाऊक असतं.