टोपलीतला भुसा

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही कुणी नावं दिली नव्हती.

एका खोल दरीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक म्हातारी राहायची. गुरांच्या दुखण्यातलं तिला सगळं कळायचं. दरी ओलांडायला वाट नव्हती, म्हणून लोक कड्यावर उभे राहून ओरडून दुखणं सांगायचे. म्हातारी तिकडून प्रश्न विचारायची. मग दोरावरच्या टोपलीतून पायलीभर ज्वारी पलीकडे जायची आणि उपाय अलीकडे यायचा. ज्याच्या घरी खरंच काही नसेल, त्याला ती तसाच उपाय सांगायची.

गावात गोमाजी नावाचा एक संशयी माणूस होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो; हा तर न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. कणगी भरलेली होती, पण शेजाऱ्याची नजर तिच्यावरच आहे, असं त्याला सारखं वाटायचं. त्याचा जीव होता दोघींत. एक आई नसलेली नात, आणि दुसरी, जिच्या दुधावर ती वाढत होती ती म्हैस.

एके दिवशी म्हशीने चारा सोडला. वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. नात रिकामी वाटी घेऊन गोठ्यात बसून राहिली. ते बघून गोमाजीचं काळीज हललं. तो कड्यावर गेला.

“लाळ गळते का रे बाबा? पाणी पिते का?” म्हातारीने विचारलं.

“गळते. पाणी पिताना मान झटकते.”

“कळलं. टोपली पाठव, उपाय सांगते.”

गोमाजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्यात कळलं? म्हैस न बघता? ही तर उंटावरून शेळ्या हाकतेय! आणि चार शब्दांना पायलीभर ज्वारी? त्याने टोपलीत भुसा भरला, वर ओंजळभर ज्वारी पसरली आणि दोर ओढला.

टोपली तशीच परत आली.

“नसेल तर नाही म्हण, मी फुकट सांगेन,” पलीकडून आवाज आला. “पण असून फसवू नकोस. जा, ज्वारी घेऊन ये. मी इथंच बसलेय.”

“हिला खरंच उपाय येत असता तर सांगितला नसता का?” असं पुटपुटत गोमाजी मागे फिरला.

वाटेत एक गोडबोल्या फेटेवाला भेटला. कड्यावरचं ओरडून झालेलं बोलणं त्याने ऐकलं होतं. “काका, तिला कशाला देता? मी फुकट सांगतो. ही म्हैस काही जगायची नाही. मरायच्या आधी विकून टाका. आजारी गुरं घेणारा एक व्यापारी बाजारात आहे. माझं नाव सांगा.”

ज्याला साऱ्या जगाचा संशय यायचा, त्याला या माणसाचा मात्र कणभरही आला नाही. कारण तो काही मागत नव्हता. फुकट ते पौष्टिक! गोमाजीने मिळेल त्या किमतीला म्हैस विकली. नात दावं धरून रडली, तेही त्याने तिच्या हातातून सोडवलं.

काही दिवसांनी तो नातीसाठी दूध आणायला बाजारात गेला. व्यापाऱ्याच्या दारात त्याचीच म्हैस निवांत रवंथ करत होती. शेजारी तो फेटेवाला दुधाचा पेला घेऊन बसला होता.

“हिला... हिला बरं कुणी केलं?”

“दरीपलीकडच्या म्हातारीने,” व्यापारी हसला. “पायलीभर ज्वारी पाठवली, उपाय मिळाला. जिभेखाली बाभळीचा काटा रुतला होता हो! काढला, आणि लागली खायला.”

साऱ्या जगाच्या पोटात काय दडलंय ते गोमाजी जन्मभर शोधत आला होता. आपल्या म्हशीच्या तोंडात मात्र तो कधी डोकावला नव्हता.

तेव्हापासून तो रोज त्याच म्हशीचं दूध विकत आणू लागला. वाटेत थांबायचा आणि पाणी तर घातलं नाही ना म्हणून बोट बुडवून चाखायचा. दूध चोख असायचं, तरी त्याला ते कडू लागायचं.

तात्पर्य: जाणत्याचं मोल मोकळ्या हाताने द्यावं, फुकट सल्ला देणारा आपली किंमत दुसरीकडून वसूल करतोच.