माळावरचा सामना

फार पूर्वी, जनावरांची पोरंही शाळेत जात त्या काळी, दोन रानांच्या शाळांमध्ये हॉकीचा सामना ठरला. जागा निवडायला पोरं जमली. नदीकाठच्या वाळूत चेंडू रुतत होता, आमराईत तो मुळांना अडत होता. उरला तो सपाट माळ.

"पण तिथे माझी अंडी आहेत," टिटवी म्हणाली. "थोडे दिवस थांबा. पिल्लं चालायला लागली की मी त्यांना घेऊन जाईन."

"पाहुणे उद्याच येणार आहेत, मावशी," संघाचा कप्तान भेकर म्हणाला. "मी स्वतः अंड्यांपाशी उभा राहतो. कुणाला तिकडे फिरकू देणार नाही."

भेकर शब्दाचा पक्का होता, म्हणून टिटवी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच तिथून हलला नाही. पण सामना संपत आला तरी दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि तेवढ्यात चेंडू त्याच्यासमोरून घरंगळत गेला. भेकर धावला. त्याने सोडलेल्या जागेवरून बाकीचे सगळे त्याच्यामागे धावले.

गोल झाला. पोरांनी भेकराला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याला टिटवी दिसली. तुडवलेल्या मातीत ती चोचीने काहीतरी शोधत होती.

तो धडपडत खाली उतरला आणि तिच्याजवळ गेला. "मावशी, मी एकदाच हललो गं."

टिटवी माती उकरतच राहिली.

पुढच्या वर्षी जागेवरून कुणी वाद घातला नाही. माळ मोकळाच होता.