सुरयांचा उंचवटा

“...मग माझ्या हातात वल्ही कधी देणार, अक्का?”

दयानंदनं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. जिजाक्का वल्हवत राहिली.

भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर ऊन नुकतंच पसरत होतं. होडीत शहरातलं एक जोडपं होतं, गळ्यात दुर्बिणी आणि कॅमेरे अडकवलेलं. त्या काठाची रीतच होती, की जुन्या नावाड्यानं आपल्या हातानं वल्ही दिल्याशिवाय कुणी पाहुणे घेऊन पाण्यात जायचं नाही. दोन हंगाम दयानंद होडीच्या टोकाला बसून नुसते पक्षी दाखवत होता.

“दोनशे पक्षी नावानिशी ओळखतो मी,” तो म्हणाला. “तू तर पाठमोरी बसतेस. समोरचं काही दिसतं तरी का तुला?”

वल्हवणाऱ्याला पाठमोरंच बसावं लागतं. अक्का हसली.

“नाही दिसत, बाबा.”

“मग पक्षी आला हे कळतं कसं?”

“तू ओरडतोस की!”

पाहुण्या बाई खुदकन हसल्या. दयानंदचे कान तापले.

त्यानं मनाशी ठरवलं, आज दाखवायचंच. त्यानं उथळ पाण्यातले लांब पायांचे गुलाबी रोहित दाखवले. मासा धरून निघालेला कैकर दाखवला. काठाच्या दगडांवर पाणमांजरांची जोडी शेपट्या झटकत होती, तीही त्यानंच आधी हेरली. पाहुणे खूश होते. अक्का मात्र वल्हवतच होती.

पुढे पाण्यातून वर आलेला वाळूचा उंचवटा दिसला. त्यावर सुरय पक्षी बसले होते, पिवळ्या चोचींचे, सगळे अंड्यांवर.

“अक्का, होडी वाळूला लाव.”

“इथूनच बघा.” तिनं वल्ही उचलून धरली.

दयानंदनं टोकाशी ठेवलेला बांबू तळाला रोवला आणि जोर लावला. होडी वाळूला जाऊन टेकली.

एकदम सगळे सुरय उडाले. डोक्यावर कल्ला झाला. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांची टकटक थांबेना.

“बघितलंस?” दयानंद म्हणाला.

अक्का उठली. वल्ही त्याच्या हातात दिली आणि स्वतः टोकाला जाऊन बसली.

“घे. वल्हव.”

दयानंदचा ऊर भरून आला. तो पाठमोरा बसला. होडी वाळूवरून सुटून वळली, आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर मागे राहिलेलं सगळं आलं.

उघड्या वाळूवर अंडी. वर घिरट्या घालणारे सुरय... कुणीच खाली उतरत नव्हता. आणि अंड्यांमधून सावकाश चालणारा एक कावळा.

त्याचे हात थांबले.

“अक्का... कावळा...”

“थांबू नकोस. आपण इथं असेपर्यंत ते उतरायचे नाहीत.”

त्यानं दातओठ खाऊन वल्ही मारली. बरंच अंतर पडल्यावर एक सुरय खाली झेपावला, मग दुसरा. कावळा उडाला. त्याच्या चोचीत काहीतरी पांढुरकं होतं.

परतीच्या वाटेवर दयानंदनं एकही पक्षी दाखवला नाही. तो सारखा मागे पडत चाललेल्या उंचवट्याकडे बघत होता.

काठावर पाहुणे उतरून गेले. त्यानं वल्ही अक्कापुढे ठेवली.

“नको, अक्का. तुझ्याकडेच राहू दे.”

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. पायानंच वल्ही त्याच्याकडे सरकवली.

“उद्या सहा पाहुणे आहेत. समोरचं दिसतं का विचारलं, तर सांग त्यांना, नाही. मागे राहिलेलं दिसतं.”